जिवंत माल : ठिबकाचे पाणी, जिवाणू खते आणि आपली दुकाने

आपल्या सीमाभागातील बाजारपेठांत गेल्या काही वर्षांत एका नव्या मालाने प्रवेश केला आहे. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी या तालुक्यांतील खत-बियाण्यांच्या दुकानात पाऊल टाकावे, तो युरियाच्या पोत्यांमागे आणि कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी पांढऱ्या बाटल्यांची एक ओळ हमखास मांडलेली दिसते. ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, ॲसिटोबॅक्टर, रायझोबियम, स्फुरद विरघळविणारे जिवाणू अशी नावे त्यांवर छापलेली असतात. ज्याने उसाला ठिबक बसविले आहे असा शेतकरी ती बाटली हातात घेऊन विचारतो, “अण्णा, ही ठिबकातून सोडली तर चालेल काय?” आणि गल्ल्यावर बसलेले आपले बंधू बहुधा मान न वळविताच उत्तर देतात, “चालेल की!”

हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. युरिया विकताना अपुऱ्या उत्तराने फारसे बिघडत नाही. युरियाचे पोते सहा महिने गोदामात पडले तरी तो युरियाच राहतो. या बाटलीतला माल मात्र जिवंत आहे. तो दुकानातच मरू शकतो, नळीत मरू शकतो, आणि शेतात पोहोचल्यावरही पाण्याच्या अतिरेकाने निकामी होऊ शकतो. तिन्ही वेळा शेतकऱ्याच्या दृष्टीला बाटली सारखीच दिसते, बिलही सारखेच होते. म्हणून या मालाविषयी व्यापाऱ्याने दोन गोष्टी अधिक जाणून घेणे अगत्याचे आहे, असे वाटून हा लेख स्मरणिकेसाठी लिहिला आहे.

मुळात ही विद्या तशी जुनीच. हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, हे आपल्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. त्याचे कारण मात्र गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात, १८८६ च्या सुमारास, जर्मनीतील हेलरीगेल याने दाखवून दिले : द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांच्या द्वारा हवेतील नत्र पिकाला मिळते. १८८८ साली हॉलंडमधील बायरिंक या शास्त्रज्ञाने त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढून वाढविला. त्यालाच आज आपण रायझोबियम म्हणतो. १९०१ साली त्यानेच जमिनीत स्वतंत्रपणे राहून नत्र बांधणारा ॲझोटोबॅक्टर प्रकाशात आणला. आपल्या भागाला जवळचा असा शोध ब्राझीलमध्ये लागला. तेथे योहाना डोबेराइनर या विदुषीने सारे आयुष्य या अभ्यासात घालविले, आणि १९८८ साली उसाच्या पेरांत व मुळांत वस्ती करून नत्र बांधणारा जो जिवाणू प्रसिद्धीस आला, तोच आपल्या दुकानांत ‘ॲसिटोबॅक्टर’ या नावाने विकला जातो. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उसासाठी अशी संवर्धके तयार करून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली आहेत.

ठिबकाची कथा याहून अलीकडची. इस्राएलमधील जलअभियंता सिम्खा ब्लास याला एका गळक्या नळाशेजारचे झाड इतर झाडांहून जोमदार वाढलेले दिसले, आणि त्या निरीक्षणातून पुढे थेंबाथेंबाने पाणी देण्याची युक्ती निघाली, असे सांगतात. १९६५-६६ च्या सुमारास हात्झेरीम येथील सामुदायिक वसाहतीत तिचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. भारतात ती घरोघर नेण्याच्या कार्यात खानदेशातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांचा वाटा फार मोठा आहे. रॉकेलच्या किरकोळ व्यापारापासून आरंभ करून जळगावात त्यांनी उभारलेला सिंचनाचा उद्योग आपल्या समाजाला परिचित आहेच. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

आता या दोन गोष्टींची गाठ का घालावयाची, याचा हिशेब पाहू. हिशेब म्हटला की आपण व्यापारी लोक सावध होतो, म्हणून तो आकड्यांतच मांडतो. एक एकर शेताचा वरचा अर्ध्या फुटाचा थर वजनाने सुमारे ९०० टन भरतो. त्यातल्या एका ग्रॅम मातीत साधारणतः १० कोटी जिवाणू असतात. सुपीक जमिनीत त्याहून पुष्कळ अधिक. सरकारी मानकाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलिलिटरमध्ये निदान १० कोटी जिवंत पेशी असावयास हव्यात. म्हणजे एका लिटरच्या बाटलीत जेवढे जिवाणू, त्याच्या सुमारे नऊ लाख पट त्या एकरात आधीपासूनच नांदत आहेत. एवढ्या वस्तीत ती बाटली पाटाच्या पाण्यावर शिंपडून दिली, तर ती दर्यात खसखस होते.

याउलट बियाण्याला चोळलेले संवर्धक थेट कोंबाच्या मुळाशी राहते, आणि म्हणूनच बीजप्रक्रिया हा या खतांचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा मार्ग आजही आहे. ठिबकाचे महत्त्व त्यानंतर येते. पीक उभे असताना पुन्हा मुळाशी पोहोचावयाचे तर ठिबकाची नळी हाच सोयीचा रस्ता. ती सगळे शेत भिजवीत नाही; तोटीखालचा ओला कांदा तेवढा भिजवते, आणि पांढऱ्या, कोवळ्या, खाणाऱ्या मुळ्या त्या कांद्यातच दाटीने येतात. मुळांतून पाझरणाऱ्या शर्करेवर हे जिवाणू जगतात. त्यांना नेमके त्यांच्या पानावर बसविण्याचे काम ठिबक करते.

परंतु बसविले म्हणजे ते जेवतील असे नाही. येथे आपल्या भाषेतला एक अमोल शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘वाफसा’. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल ना कोरडी, मुठीत दाबली तर गोळा होणारी आणि बोटाने टिचकी मारली तर फुटणारी अशी होते, तो वाफसा. या अवस्थेत मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणीही असते आणि हवाही असते. संशोधकांनी मापून पाहिले आहे की एकूण पोकळीपैकी सुमारे ६० टक्के पाण्याने भरलेली असताना मातीतल्या हवेवर जगणाऱ्या जिवाणूंचे काम सर्वांत जोरात चालते. त्याहून कोरडी झाली तर ते मंदावतात. त्याहून ओली झाली तर हवा संपते, आणि मग दुसऱ्याच जातीचे जिवाणू डोके वर काढतात; ते नत्र बांधण्याऐवजी मातीतले नत्र वायुरूपाने हवेत उधळून टाकतात. म्हणजे बाटलीसाठी पैसे मोजणारा शेतकरी पाणी अधिक देऊन युरियाचेही पैसे घालवितो. कृष्णाकाठच्या ज्या गावांत वर्षानुवर्षे उसाला तुंबून पाणी दिल्याने जमिनी चिबड व क्षारपड झाल्या, तेथे कोणतीही बाटली ओतली तरी ती वाया जाणार; तेथे आधी चर खणून पाण्याचा निचराच करावयास हवा. निचऱ्याचा खर्च न सांगता अशा गिऱ्हाइकाला संवर्धक विकणे हे रोग्याला पथ्य न सांगता औषध देण्यासारखे आहे.

ठिबक बसविले की वाफसा आपोआप राहतो, हा गोड समज आहे. आपल्याकडे ‘स्वयंचलित’ या शब्दाने दोन अगदी भिन्न वस्तू ओळखल्या जातात. एक म्हणजे मोटारीच्या पेटीला बसविलेला ‘ऑटो’. रात्री दीड वाजता तीन फेजचा करंट आला की मोटार सुरू. करंट जाईपर्यंत ती चालते. शेतकरी बिचारा झोपेतून उठण्याचा त्रास वाचवितो, आणि त्याला कोण दोष देईल? पण हा ऑटो विजेची वेळ ओळखतो, मातीची तहान ओळखत नाही. त्याच्या भरवशावर चाललेले ठिबक हे पाटाच्या पाण्याचेच धाकटे भावंड होय. तोटीखालचा कांदा रात्रभर चिखलात राहतो, आणि काळी माती एकदा फुगली की तिची भोके बुजून हवा आत शिरण्यास दोन-तीन दिवस लागतात.

दुसरी वस्तू म्हणजे खरीखुरी स्वयंचलित यंत्रणा. तीत शेताच्या प्रत्येक भागाला विजेवर उघडझाप करणारी झडप असते, आणि नियंत्रक पेटी ठरविलेल्या वेळी, ठरविलेले लिटर पाणी सोडते. तिला मातीतल्या ओलाव्याचे माप जोडले तर पाणी हवे तेव्हाच सुटते. या मापांपैकी सर्वांत साधे व स्वस्त ते टेन्शिओमीटर : पाण्याने भरलेली नळी, खाली मातीचा सच्छिद्र पेला, वर घड्याळासारखी तबकडी. काटा शून्याजवळ असेल तर जमीन चिबड; १० ते ३० सेंटिबारच्या दरम्यान असेल तर बहुतेक जमिनींत तो वाफसा समजावा; काटा ५०-६० कडे सरकला की पिकाला व जिवाणूंना दोघांनाही ओढ बसू लागली. आपल्या काळ्या रानात जमीन भेगाळली तर पेल्याचा मातीशी संबंध तुटून काटा खोटे बोलतो. तेव्हा तो ओळीच्या ओलसर भागात, भेगेपासून दूर, नीट दाबून बसवावा. ज्याची ऐपत पूर्ण यंत्रणेची नाही त्याने एक टेन्शिओमीटर घेऊन हातानेच कॉक फिरविला तरी निम्म्याहून अधिक काम साधते. आपल्या दुकानांत हे साधन फारसे आढळत नाही, हे नवल आहे. बाटलीपेक्षा त्यात नफा कमी नसावा.

यंत्रणेचे आणखी एक वैगुण्य आहे. तिला काय आत चालले आहे ते कळत नाही. ठिबकाच्या नळीत शेवाळ व बुळबुळ साचू नये म्हणून अधूनमधून क्लोरीन सोडतात. क्षार बसून तोट्या बुजू नयेत म्हणून आम्ल सोडतात. दोन्ही उपाय आवश्यक, आणि दोन्ही जिवाणूंचा संहार करणारे. पेटीत आठवड्याचा कार्यक्रम भरणाऱ्या माणसाने आज आम्ल आणि उद्या त्याच टाकीतून संवर्धक असा क्रम लावून ठेवला, तर पेटी तो निष्ठेने पार पाडील. म्हणून क्लोरीन वा आम्ल सोडल्यावर नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाण्याने धुऊन काढावीत, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे, आणि जिवाणूंसाठी टाकी निराळीच ठेवावी. विद्राव्य रासायनिक खताच्या दाट द्रावणात बाटली ओतणेही तितकेच घातक. त्या खारटपणात पेशी टिकत नाहीत. तांबेयुक्त बुरशीनाशकाचे तर नावच काढू नये. ज्यांना शहरात गच्चीवरच्या बागेसाठी हे करावयाचे आहे त्यांनी नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच त्यात संवर्धक मिसळावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते.

सोडण्याची रीत सोपी आहे. संध्याकाळी सोडावे, कारण भर उन्हात काळ्या नळीतले पाणी हात पोळेल इतके तापते. प्रथम नुसत्या पाण्याने जमीन ओली करावी, मधल्या वेळात संवर्धक सोडावे, आणि शेवटी नळीच्या टोकापर्यंतचे सगळे संवर्धक बाहेर पडेल इतका वेळ पुन्हा नुसते पाणी चालवावे. पण तेवढाच वेळ, कारण अधिक चालविले तर जिवाणू मुळांच्या खाली वाहून जातात. गूळ घालून जिवाणू वाढविण्याची हौस पुष्कळांना असते. त्यातला गूळ नळीत राहिला की तेथेच बुळबुळीची वसाहत होते आणि महिन्याभरात तोट्या बंद पडतात. पुडीतले, म्हणजे लिग्नाइटच्या भुकटीतले, जिवाणू ठिबकासाठी नव्हेतच. ते बियाण्याला आणि शेणखताला. मायकोरायझा नावाच्या उपकारक बुरशीविषयीही सावध राहावे. ठिबकाच्या १२० मेशच्या गाळणीची भोके सुमारे १३० मायक्रॉनची. जिवाणू एक ते तीन मायक्रॉनचा, तो सहज जातो. या बुरशीची बीजाणुके मात्र ५० पासून २०० मायक्रॉनपर्यंत व काही त्याहूनही मोठी असतात, त्यामुळे बराचसा माल गाळणीतच अडकून पडतो. ती लागणीच्या वेळी मुळाशीच घालावी.

गाळणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पाणी गाळून पिण्याची आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचाही विचार करावयाचा, ही सवय त्यामागे आहे. अशा समाजातील व्यापाऱ्याने जिवंत पेशींची बाटली विकावी की नाही, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी करतात. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. शेती व व्यापार ही दोन्ही त्यांत आली, आणि शेतीत हिंसा मुळीच घडत नाही असे कोणीच म्हणत नाही. दुसऱ्या बाजूस श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आली आहे. तीत विषवाणिज्य आहे, म्हणजे विषाचा व्यापार; आणि सरःशोषण आहे, म्हणजे तळी-सरोवरे आटविणे. आपल्या खतांच्या दुकानांतील किती माल पहिल्या शब्दाखाली येतो आणि आपल्या भागातील किती विहिरी व कूपनलिका दुसऱ्या शब्दाची आठवण करून देतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा. या यादीशी ताडून पाहता, ज्या मालाने युरियाचा व विषाचा खप थोडा कमी होतो आणि जो मोजक्या पाण्यातच नीट चालतो, तो माल विकणे प्रस्तुत लेखकास अयोग्य वाटत नाही. अयोग्य आहे ते तो निष्काळजीपणे विकणे. क्लोरीनच्या टाकीत ओतली जाणारी बाटली म्हणजे पैशाची नासाडी आणि शिवाय कोट्यवधी जीवांचा निष्कारण घात.

आणि मेलेली बाटली जिवंत म्हणून विकणे याला तत्त्वार्थसूत्रात नाव आहे. अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत अस्सलाच्या जागी नक्कल देणे, म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हा एक आहे. आपल्यापैकी कोणी जाणूनबुजून असे करीत असेल असे मी म्हणत नाही. पण पत्र्याच्या छपराखालचे गोदाम वैशाखात किती तापते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. या बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी, शक्यतो २५ अंशांच्या आसपास ठेवावयाच्या असतात. मालमोटारीच्या टपावर दिवसभर उन्हात आलेले, मग दाराशी फळीवर ओळीने मांडलेले आणि आषाढात विकले गेलेले संवर्धक कोणत्या अवस्थेत असेल? भुकटीतल्या मालाचे आयुष्य साधारणतः सहा महिन्यांचे, द्रवरूपाचे वर्षभर किंवा थोडे अधिक. तेही सावलीत ठेवल्यास.

या दुर्दशेचे मूळ बरेचसे आपल्या खरेदीच्या पद्धतीत आहे. उत्पादक एप्रिलात मोठ्या उचलीवर सूट देतात, भेटवस्तू देतात, आणि आपण वर्षाचा माल एकदम उचलतो. बियाण्याला व खताला शोभणारी ही रीत जिवंत मालाला शोभत नाही. दुधाचा व्यापारी वर्षाचे दूध एकदम उचलीत नाही. थोडा माल, वारंवार मागवावा. सूट थोडी कमी मिळेल, पण पडून राहिलेल्या मालाचे नुकसान व गिऱ्हाइकाचा शिव्याशाप दोन्ही वाचतील. आपल्या संघाने सभासदांची मागणी एकत्र करून महिन्याला एकदा ताजा माल आणविला, आणि प्रत्येक खेपेतली एखाददुसरी बाटली धारवाडच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी पेशींच्या मोजणीसाठी पाठविली, तर खर्च सर्वांत वाटला जाईल आणि पत सर्वांची वाढेल. कायद्याचीही बाजू आहेच. २००६ सालापासून जिवाणू खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. ट्रायकोडर्मासारख्या रोगनाशक बुरश्या मात्र १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, आणि त्यांना परवाना निराळा लागतो. ‘वनस्पती टॉनिक’ म्हणून मोघम नावाने येणारी बाटली, जिच्यावर जिवाणूचे नाव, पेशींची संख्या, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख नाही, ती फळीवर घेऊच नये.

शेवटी, या मालाची स्तुतीही बेताने करावी. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांना रायझोबियमचा लाभ निर्विवाद आहे. ब्राझीलमध्ये सोयाबीनचे प्रचंड क्षेत्र जवळजवळ नत्रखतावाचून याच जिवाणूच्या बळावर पिकते. ऊस, ज्वारी, भाजीपाला यांच्या बाबतीत लाभ होतो तो मर्यादित. जमीन, सेंद्रिय कस आणि पाणी यांप्रमाणे तो बदलतो. युरिया सर्वस्वी बंद करा असे सांगणारा विक्रेता शेतकऱ्याला खड्ड्यात घालतो. थोडा कमी करून पाहा, असे सांगावे. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला शेतात चार ओळी संवर्धकावाचून कोऱ्या ठेवावयास सांगावे, म्हणजे तुलना त्याची त्यालाच दिसेल. सोयाबीनवाल्यास आणखी एक सांगता येते : पेरणीपासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन झाडे कुदळीने मातीसकट हळूच काढावीत, मुळांवरच्या गाठी नखाने चिराव्यात. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर जिवाणू कामाला लागला आहे. गाठी पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या, तर दुसरी बाटली देण्यापूर्वी त्याला बियाण्याला काय चोळले होते, बाटली कोणत्या महिन्याची होती आणि रात्री मोटार किती वाजेपर्यंत चालते, हे विचारून घ्यावे.